मदत हवी आहे: खाडीच्या गाळात पारा नेमका किती चालतो?

नमस्कार मंडळी, केमिस्ट्री, फिशरीज, पर्यावरण यातलं कुणी असेल तर प्लीज वाचा, प्रश्न जरा लांब आहे.

मी कल्याणचा. आम्ही काही जण मिळून काळू आणि उल्हास नदीतून खाली वसई खाडीपर्यंत गाळाचे नमुने घेऊन पारा तपासून घेणार आहोत. या पट्ट्यात पूर्वी पारा वापरून कॉस्टिक सोडा बनायचा आणि गोव्याच्या एनआयओच्या (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) शास्त्रज्ञांनी उल्हास खाडीच्या गाळातल्या पाऱ्यावर पेपरही लिहिलेत, त्यामुळे पारा आहे की नाही हा प्रश्नच नाही, रिपोर्ट आला की तो कशाशी ताडून बघायचा हा आहे.

आपल्याकडे कारखान्याच्या सांडपाण्याला लिमिट आहे, ०.०१ मिग्रॅ प्रति लिटर, पिण्याच्या पाण्याला ०.००१. नदीच्या गाळाला स्वतःचं असं काहीच नाही. मग माणूस बाहेरचे आकडे बघतो. कॅनडाचे (सगळे मिग्रॅ प्रति किलो, सुका गाळ) गोड्या पाण्यासाठी ०.१७ आणि ०.४८६ असे दोन, खालच्याच्या आत असेल तर सहसा त्रास नाही, वरच्याच्या पुढे गेला तर जीवांना त्रास व्हायची शक्यता बरीच. समुद्राच्या गाळाला तेच ०.१३ आणि ०.७०. अमेरिकेत २००० साली वेगवेगळ्या गाईडलाईन एकत्र करून गोड्या पाण्यासाठी जो वरचा आकडा काढला तो १.०६. आणि पाऱ्याच्या विषबाधेसाठी कुप्रसिद्ध मिनामाताची खाडी साफ करताना जपानने २५ च्या वरचा गाळ काढला.

आता समजा आमचा नमुना ०.६ आला. कॅनडाच्या नदीच्या हिशोबाने धोक्यात, समुद्राच्या हिशोबाने मधेच लटकलेला, अमेरिकेच्या आकड्याने वरच्या रेषेच्या आत आणि जपानच्या आकड्यापुढे तर काहीच नाही. आणि आमची खाडी धड नदी नाही धड समुद्र नाही, पावसाळ्यात गोडी आणि मे महिन्यात खारट. कुठला आकडा धरू?

मला खरी काळजी वेगळीच आहे. कॅनडा-अमेरिकेचे हे आकडे गाळात राहणारे किडे, अळ्या, शिंपले मरतात का यावरून काढलेत, मासे खाणारा माणूस त्यात धरलेलाच नाही. पारा तर गाळातल्या बॅक्टेरियामुळे मिथाइल मर्क्युरी (पाऱ्याचं जास्त विषारी, अंगात साठणारं रूप) होऊन किड्यातून छोट्या माशात, तिथून मोठ्या माशात चढत जातो. अमेरिकेच्या ईपीएने (पर्यावरण खातं) २००१ मध्ये माशाच्या मांसातल्या मिथाइल मर्क्युरीसाठी ०.३ मिग्रॅ प्रति किलो ठरवलं, पण त्यात माणूस दिवसाला १७.५ ग्रॅम मासे खातो असं धरलंय. जागतिक पातळीवर जेक्फाची (एफएओ आणि डब्ल्यूएचओची अन्नातल्या घटकांवरची तज्ज्ञ समिती) मिथाइल मर्क्युरीची मर्यादा आठवड्याला किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या बाईला ९६. ०.३ वाला मासा खाल्ला तर ३२० ग्रॅममध्ये तिचा आठवड्याचा कोटा संपला. खाडीकाठच्या कोळ्याच्या घरात ३२० ग्रॅम मासे कितीसे पुरतात? आणि पोटात बाळ असेल तर त्याच्या मेंदूचा प्रश्न आहे, म्हणून म्हणतो की आपला आकडा या घरातल्या ताटापासून उलटा मोजत गाळापर्यंत आणायला हवा. हे करायचं कसं, आणि मिथाइल मर्क्युरी वेगळी तपासावीच लागेल का?

---

प्रतिसाद १:

मिनामाताचं २५ आधी डोक्यातून काढा. तो गाळ उपसायचा आकडा आहे, सुरक्षिततेचा नाही. जपानमध्ये नद्या-तळ्यांना तो सरसकट आहे, समुद्राला फॉर्म्युला आहे, त्यात भरती-ओहोटीतला फरक, गाळातून पारा किती सुटतो आणि सेफ्टी फॅक्टर, आणि जिथे मासेमारी चालते तिथे तो फॅक्टर मोठा धरतात, म्हणजे लिमिट खाली येते. तुम्ही म्हणताय तो विचार त्यांनी थोडाफार केलाय.

तुम्ही गाळाबरोबर त्याच जागेवरची निवटी (चिखलात राहणारा छोटा मासा) आणि चिंबोरी (खेकडा) घ्या, ती लांब फिरत नाहीत. बोईटं वगैरे मासे फिरतात, त्यामुळे कुठल्या गाळाचा पारा ते कळत नाही. माशाच्या मांसातला पारा बहुतांश मिथाइलच असतो, त्यामुळे तिथे टोटल पारा काढला तरी भागतं, चिंबोरी-शिंपल्यात तसं धरू नका. गाळात मात्र टोटल आणि मिथाइल दोन्ही हवं, कारण ऑरगॅनिक कार्बन आणि सल्फाइडप्रमाणे तेवढ्याच पाऱ्यातून कमीजास्त मिथाइल बनतं. मग मासा भागिले गाळ हे गुणोत्तर तुमच्याच खाडीचं निघेल, त्यावरून उलटं मोजा.

---

धागाकर्ता:

हे फार कामाचं आहे, निवटीचं तर डोक्यातच नव्हतं. म्हणजे पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा, खारटपणा मोजून नमुने घ्यावे लागतील असं दिसतंय. मुंबई-ठाण्यात गाळातली मिथाइल मर्क्युरी करून देणारी लॅब कुणाला माहीत आहे का? आणि भरवशाचा नमुना हवा तर गाळ वाळवून पाठवायचा की बर्फात ओलाच?