अंधारात आईचा तोल जातोय, रोजचं चालणं पुरेल काय?

खानापूरकर
आईचं वय 68. उजेडात बरी चालते, पण पहाटे दिवा नसताना परसात जायचं तर भिंत धरावी लागते. तोंड धुताना डोळे मिटले की पुढं झुकते. चक्कर नाही, अजून पडलेली नाही. साखर आठ वर्षांपासून, गोळी मेटफॉर्मिनची. आता पावसात अंगणातल्या जांभ्यावर शेवाळ धरायलंय, त्याची धास्ती वाटते. रोज अर्धा तास चालते, तेवढं बस्स होईल काय?

फिजिओ_टिळकवाडी
चालणं सोडू नका, पण तोलाला ते पुरत नाही. सपाट रस्त्यावर शरीराला सावरायची वेळच येत नाही.

डोळे, कानाचा आतला भाग आणि तळवे-घोट्यांतल्या नसा, या तिन्हींकडून मेंदूला खबर जाते. एक कमी पडली की उरलेल्या दोन सांभाळून घेतात. डोळे मिटताच आई झुकतात, म्हणजे भार डोळ्यांवर आहे. साखर असल्यामुळं पहिला संशय तळव्यांच्या नसांवर. डॉक्टरांकडं तळव्यांची संवेदना तपासून घ्या. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतली की बी-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, तेही बघा.

घरी एवढं करा. आईंना ओट्याशेजारी उभं करा, तुम्ही जवळ थांबा. डोळे उघडेच. आधी पाय जुळवून 10 सेकंद. मग एका पावलाचा अंगठा दुसऱ्याच्या तळव्याच्या बाकाशी. मग एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवून, एका रेषेत. शेवटी एका पायावर. रेषेतलं उभं राहणं 10 सेकंद जमलं नाही, तर पडण्याचा धोका जास्त समजायचा.

खानापूरकर
आत्ताच बघितलं. पहिले दोन जमले, रेषेत 6 सेकंदांत ओटा धरला.

फिजिओ_टिळकवाडी
मग तिथूनच सुरुवात. रेषेत 10 सेकंद, प्रत्येक बाजूला 5 वेळा. पहिल्या आठवड्यात पूर्ण तळहात ओट्यावर, मग दोन बोटं, मग एक. ओटा घट्ट आवळला तर काम हात करतात, घोटे आळशीच राहतात. नजर पावलांवर नको, समोरच्या फडताळावर. गुडघा ताठ नको, श्वास रोखायचा नाही. जोडीला टाचा उचलणं 10 वेळा, आणि हात न टेकता खुर्चीवरून उठणं 8-10 वेळा. आठवड्यातून निदान तीन दिवस. डोळे मिटून करायचा प्रकार सध्या नकोच.

निपाणी_काकू
औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा, विशेषतः बीपीच्या आणि झोपेच्या गोळ्या. 5 मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या, मग उभं केल्यावर 1 आणि 3 मिनिटांनी. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 नं उतरला तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. कुशीवर वळताना घर गरगरत असेल आणि मिनिटाच्या आत थांबत असेल, तर दोष बहुतेक कानातला. त्यावर डोकं ठरावीक क्रमानं वळवायचा वेगळा उपचार असतो, तो डॉक्टरांकडूनच करून घ्यावा.

जांभा तारेच्या ब्रशनं घासून काढा, परसाच्या वाटेवर रात्रभर दिवा ठेवा. आणि बाई, तळव्यांना कळत नसेल तर अनवाणी अजिबात नको. अंगठ्यात अडकवायची सपाता पण नको, टाचेला पट्टा असलेली चप्पल घ्या. काटा टोचलेला त्यांना कळणारही नाही, म्हणून रोज रात्री तळवे तुम्हीच बघत जा.