टेम्प्लेट म्हणजे साचा की फर्मा? आणि रोटरी कटरने आपण कापतो, कातरतो की बेततो?

प्रश्न:
क्विल्टसाठी (कापडाचे तुकडे जोडून शिवलेल्या गोधडीसाठी) तुकडे कापायच्या पद्धतींवर मराठीत सविस्तर टिपण लिहिते आहे. तीन ठिकाणी अडले. टेम्प्लेटला, म्हणजे कापडावर ठेवून भोवती आखायच्या आकाराला, 'साचा' लिहिलं की ओतकाम डोळ्यांपुढे येतं, 'नमुना' लिहिलं तर सॅम्पल वाटतं. रोटरी कटरने (गोल, फिरत्या पात्याच्या कटरने) जे करतो त्याला कोणतं क्रियापद वापरावं? आणि शिवणीसाठी कडेने जास्तीचं कापड सोडतो त्याला 'शिलाई-अंतर' वगैरे घडवलेला शब्द वापरायची इच्छा नाही. शिवणाऱ्यांच्या तोंडी काय आहे ते सांगा.

प्रतिसाद:
शेवटच्याचं उत्तर तयार आहे: माया. 'शिवणीला माया सोडा', 'आत भरपूर माया आहे, उसवून सैल करता येईल' हे कोणीही शिवणारं माणूस म्हणतं. मार्जिनही म्हणतात, पण माया असताना दुसरं काही शोधू नका.

प्रतिसाद:
टेम्प्लेटसाठी माझं मत फर्म्याला. कपडे शिवताना कागद कापून करतात त्याला फर्मा म्हणतातच. छापखान्यात सोळा पानांचा फर्मा असतो, पादत्राणं करणाऱ्यांकडे लाकडाचा असतो, पण कापडाबद्दल बोलताना त्यांची आठवण कोणाला होत नाही. साचा हा आत काहीतरी ओतायला किंवा भरायला असतो. मराठी विकिपीडियावर टेम्प्लेटला 'साचा' म्हणतात, आणि तिथे तो चपखल आहे, कारण तिथे रिकाम्या जागाच भरायच्या असतात. कापडाच्या टेम्प्लेटच्या आत काही जात नाही. त्याच्या कडेने पेन्सिल फिरते.

पण ताई, फर्मा लिहिलंत की काम संपलं असं समजू नका. खरी अडचण पुढे आहे. फर्म्याची कड कोणती रेघ दाखवते, हे तुमच्या शब्दातून कळलं पाहिजे.

हाताने जोडायचं असेल तर फर्मा तयार मापाचा करतात, माया न धरता. तो कापडाच्या उलट बाजूवर ठेवून भोवती रेघ मारली की ती झाली शिवणरेषा. कापायचं त्या रेघेच्या बाहेर पाव इंचावर, आणि तेही नजरेने. दोराभर इकडेतिकडे झालं तरी बिघडत नाही, कारण सुई रेघेवरून जाणार असते. मशीनवर जोडायचं असेल तर फर्म्यात माया धरलेली असते. आता तीच रेघ कापरेषा झाली. शिवण कुठे घालायची ते दाखवणारी खूण कापडावर राहतच नाही. कापलेली कड प्रेसर फूटच्या (मशीनवर कापड दाबून धरणाऱ्या पायाच्या) कडेला लावून पाव इंचाची शिवण घालायची असते, म्हणजे सगळी भिस्त कापण्यावर.

म्हणून माझी विनंती आहे की 'मायेचा फर्मा' आणि 'बिनमायेचा फर्मा' असे दोन शब्द सुरुवातीलाच सांगून टाका आणि शेवटपर्यंत पाळा. नुसतं '३ इंची फर्मा करा' असं लिहिलं आणि वाचणारीने तो मायेसकट ३ इंच धरला, तर तिचा चौकोन शिवून झाल्यावर अडीच इंचांचा होतो. भाषेच्या एवढ्याशा ढिलाईपायी सगळा क्विल्ट लहान पडतो.

प्रतिसाद:
पूर्ण सहमत. त्यात एक भर घालते, कारण ही गोष्ट सहसा लिहिली जात नाही. मायेच्या फर्म्याभोवती मारलेली पेन्सिलीची रेघ फर्म्याच्या बाहेर पडते. त्या रेघेच्या बाहेरून कापलं तर प्रत्येक तुकडा थोडा थोडा वाढतो. समजा दर कडेला १/३२ इंच वाढलं. एका तुकड्यात ते डोळ्यांना दिसणारही नाही. पण ८ चौकोनांच्या ओळीत अशा १६ कडा येतात, आणि ओळ अर्धा इंच लांब होते. शेजारची ओळ फर्म्याला चिकटून कापलेली असेल तर दोन्ही ओळींचे सांधे जुळणं शक्य नाही. तेव्हा 'रेघेवर कापा' असं मोघम लिहू नका, 'रेघ कापून टाका, तुकड्यावर राहू देऊ नका' असं लिहा.

पुठ्ठ्याचे फर्मे वापरणाऱ्यांना हेही सांगा की वारंवार आखून कोपरे झिजतात आणि चौकोन गोलसर व्हायला लागतो. प्लास्टिकचा फर्मा टिकतो. त्याच्या खालच्या बाजूला पॉलिश पेपरचे तुकडे चिकटवले, खरखरीत बाजू कापडाकडे ठेवून, तर तो सरकत नाही.

प्रश्नकर्ती:
हे फार कामाचं आहे, मायेचा आणि बिनमायेचा दोन्ही घेते. आता क्रियापदाचं सांगा. मी सगळीकडे 'कातरणे' लिहिलं आहे.

प्रतिसाद:
रोटरी कटरला 'कातरणे' मला पटत नाही. कातरीला दोन पाती असतात, ती एकमेकांवरून सरकतात, आणि खालचं पातं कापडाखाली जाताना कापड टेबलावरून उचललं जातं. चार थर एकत्र कातरले की खालचा आणि वरचा तुकडा एकसारखा येत नाही तो याचमुळे. रोटरीला एकच गोल पातं असतं. कापड मॅटवर (कापण्यासाठी टेबलावर घालतात त्या जाड चटईवर) सपाट पडून राहतं आणि पातं वरून फिरत जातं. ही क्रिया सरळ 'कापणे' आहे.

मात्र संपूर्ण कामाला 'बेतणे' म्हणावं, असं मी आग्रहाने सांगेन. बेतणे म्हणजे माप धरून, कापडातून काय कसं निघेल याचा विचार करून कापणे. 'कादंबरीवर बेतलेला चित्रपट' म्हणतो त्यातही हेच बेतणं आहे. फर्म्याने काम करताना आखणं आणि कापणं वेगवेगळं असतं. जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ मध्ये रोटरी कटर आणला, आणि पारदर्शक पट्टी व मॅट यांच्या जोडीने हे दोन्ही एकत्र झालं. पट्टीवरची रेघ कापडाच्या कडेवर बसवली की माप झालं, तिच्याच कडेने पातं फिरवलं की कापणं झालं. कापडावर एकही खूण नाही. बेतणे हा शब्द इतका नेमका लागू पडेल असं दुसरं साधन मला माहीत नाही.

प्रतिसाद:
बेतणे सुंदर आहे, पण प्रत्येक पायरीला वापरू नये. 'पट्ट्यांचे चौकोन बेता' हे ओढूनताणून वाटतं. कापड बेतायचं, पट्ट्या काढायच्या, चौकोन कापायचे, असं ठेवलं तर वाचणारीला हात कुठे आहे ते दिसतं. आणि पट्टी हा शब्द जपून वापरा. हातातलं अॅक्रिलिकचं साधनही पट्टी आणि कापडाची निघते तीही पट्टी. साधनाला मोजपट्टी म्हणा, कापडाच्या तुकड्याला नुसतं पट्टी.

प्रतिसाद:
मापांसाठी 'सूत' वापरा ना! एक सूत म्हणजे १/८ इंच. क्विल्टच्या हिशेबाला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. पाव इंचाची माया म्हणजे दोन सूत. आता बघा:

चौकोन हवा असेल तर तयार मापात ४ सूत मिळवून कापा, दोन्ही बाजूंची दोन-दोन सूत माया. चौकोन एकदा तिरका कापून दोन त्रिकोण करायचे असतील तर तयार मापात ७ सूत मिळवा. चौकोन दोन्ही कर्णांवर कापून चार त्रिकोण करायचे असतील तर १० सूत. ४, ७, १०, पाठच होऊन जातं. इंग्रजी पुस्तकांतले ७/८ आणि १ १/४ हेच.

७ सूत का, हेही लिहा. त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाशी तिरप्या बाजूची पाव इंच माया सरळ कडेवर मोजली की ती पाव इंचापेक्षा जास्त भरते, साधारण ०.३५ इंच अधिक तिथलीच पाव इंच. समोरच्या टोकाची पाव इंच धरून बेरीज ०.८५ इंच होते. वरच्या सुताला पुरी केली की ७ सूत. कारण कळलं की आकडा विसरला तरी पुन्हा काढता येतो.

प्रश्नकर्ती:
मग दोन त्रिकोण आणि चार त्रिकोण असे वेगळे प्रकार कशाला? एकाच पद्धतीने का नाही कापायचे?

प्रतिसाद:
उरेबामुळे. तिरक्या धाग्यावरच्या कापाला आपण उरेब म्हणतो, आणि उरेब कड हाताळताना ताणली जाते. एकदा कापलेल्या त्रिकोणात लांब बाजू उरेब येते, दोन आखूड बाजू सरळ धाग्यावर राहतात. दोनदा कापलेल्या त्रिकोणात उलट, लांब बाजू सरळ धाग्यावर. ब्लॉकच्या (तुकडे जोडून झालेल्या क्विल्टच्या एका चौकोनी भागाच्या) बाहेरच्या कडेला जी बाजू येणार ती सरळ धाग्यावर हवी, नाहीतर ब्लॉकची कड लाटेसारखी होते. म्हणून आधी बाहेर कोणती बाजू येते ते बघायचं, मग ७ सूत की १० सूत ते ठरवायचं. बेतणे म्हणतात ते हेच!

प्रतिसाद:
फर्मा जुना आणि रोटरी नवीन, असा सूर लागू देऊ नका. सरळ रेघांचं काम रोटरीने झपाट्याने होतं, पण गोलाई आली की फर्मा लागतोच. तेव्हा जाड अॅक्रिलिकचा फर्मा घेऊन त्याच्या कडेने पातं फिरवतात. पातळ प्लास्टिकचा घेतला तर पातं त्याचीच कड तासतं आणि माप जातं. गोलाईला ४५ मिमीचं पातं वळत नाही, २८ किंवा १८ मिमीचं घ्यावं. आणि दोन बाजू सारख्या नसलेला फर्मा असेल तर कापड घडी घालून कापू नका, अर्धे तुकडे उलट्या हाताचे निघतात. फर्म्यावर 'सुलट' असं लिहूनच ठेवावं.

पात्यासाठी 'मिटणे' हे क्रियापद घ्या, चाकू मिटतो तसं. 'कटर हातातून ठेवण्यापूर्वी पातं मिटा' हे वाक्य टिपणात ठळक अक्षरांत असू द्या.

प्रश्नकर्ती:
घेतलं. शेवटचं एक: छापील कापडातलं एखादं फूल बरोबर मधोमध येईल असा तुकडा काढतात, त्याला शब्द आहे का?

प्रतिसाद:
'बुट्टा धरून कापणे' म्हणा, लगेच कळतं. त्यासाठी पारदर्शक फर्मा घ्या. पहिला तुकडा कापण्याआधी फुलाच्या दोन-तीन पाकळ्यांची कड फर्म्यावर पेन्सिलीने उतरवून ठेवा. पुढच्या प्रत्येक वेळी ती खूण कापडावरच्या पाकळ्यांवर बसवायची आणि मगच कापायचं. कापड मात्र जास्त लागतं, मधला भाग चाळणीसारखा होतो, तेव्हा आधी बुट्टे मोजून घ्या.