मदत हवी आहे: ब्रिटनमध्ये मत नेमकं कोणाला पडतं, खासदाराला की पक्षाला?

नमस्कार मंडळी,

नोकरीनिमित्त आम्ही रेडिंगला राहायला आलो आहोत. पासपोर्ट भारतीयच आहे. तरी मतदार यादीसाठी घरातल्या सगळ्यांची नावं कळवा, असं कौन्सिलचं पत्र आलं. चौकशी केल्यावर कळलं की भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे इथे वैध व्हिसावर राहणारा भारतीय नागरिक कौन्सिलच्याच नव्हे, तर थेट संसदेच्या निवडणुकीतही मत देऊ शकतो. आम्ही दोघांनीही नावं नोंदवली. आता मत द्यायचंच तर समजून उमजून द्यावं, म्हणून विचारतोय.

वरवर सगळं आपल्यासारखंच दिसतं. ६५० मतदारसंघ, सर्वाधिक मतं मिळतील तो खासदार, बहुमतवाल्या पक्षाचा नेता पंतप्रधान. पण डिसेंबर २०१९ मध्ये लोकांनी बोरिस जॉन्सन यांच्या पक्षाला निवडून दिलं. २०२२ मध्ये ते गेले, लिझ ट्रस आल्या, सात आठवड्यांत त्याही गेल्या आणि ऋषी सुनक आले. सार्वत्रिक निवडणूक मात्र थेट जुलै २०२४ मध्ये! मग पंतप्रधान बदलायचा अधिकार कोणाकडे असतो?

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. महाराष्ट्रात २०२२ पासून व्हिप आणि अपात्रता हे शब्द ऐकून कान किटले आहेत. इथे खासदाराने पक्षाविरुद्ध मत दिलं किंवा पक्षच बदलला, तर त्याची खासदारकी जाते का?

प्रतिसाद १

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. खासदारकी जात नाही. आपल्याकडे १९८५ साली पक्षांतरबंदी आली, तसा कायदा इथे नाही. व्हिप असतो, आणि कडकही असतो. खासदारांना दर आठवड्याला कामकाजाचं पत्रक जातं, त्यात महत्त्वाच्या मतदानाखाली तीन रेघा मारलेल्या असतात. व्हिप मोडला तर पक्ष खासदाराला संसदीय गटातून बाहेर काढू शकतो. जागा मात्र खासदाराचीच राहते.

३ सप्टेंबर २०१९ चं उदाहरण घ्या. पंतप्रधान जॉन्सन सभागृहात उभे राहून बोलत होते. तेवढ्यात त्यांच्याच पक्षाचे फिलिप ली उठले, समोरच्या बाजूला गेले आणि लिबरल डेमोक्रॅट्सच्या बाकावर जाऊन बसले. सरकारचं बहुमत तिथेच संपलं. ली हे तुमच्या शेजारच्या ब्रॅकनेलचे खासदार. त्याच रात्री ब्रेक्झिटवरून २१ सत्ताधारी खासदारांनी सरकारविरुद्ध मत दिलं. पक्षाने सगळ्यांना गटाबाहेर काढलं, पण एकाही जागेवर पोटनिवडणूक झाली नाही. खासदाराला परत बोलावण्याचा २०१५ चा कायदा आहे खरा, पण तो शिक्षा किंवा निलंबन झालं तरच लागू होतो. पक्ष बदलला म्हणून नाही.

मला ही पद्धत आवडते. खासदाराला मान ताठ ठेवायला जागा मिळते. पण ज्यांनी पक्ष बघून मत दिलं, त्यांच्या हाती पुढच्या निवडणुकीपर्यंत काही उरत नाही, हेही तितकंच खरं.

म्हणूनच पंतप्रधानाला खरी धास्ती स्वतःच्या खासदारांची असते. जून २०२२ मध्ये जॉन्सन यांनी पक्षांतर्गत विश्वासमत २११ विरुद्ध १४८ असं जिंकलं, पण महिन्याभरात मंत्र्यांनी राजीनाम्यांचा सपाटा लावला आणि त्यांना जावं लागलं. ट्रस यांना पक्षाच्या वर्गणीदार सदस्यांनी निवडलं. सुनक बिनविरोध आले. पंतप्रधानाच्या मागे सभागृहाचं बहुमत हवं, एवढीच अट. नेता कसा निवडायचा हे पक्षाने ठरवायचं.

प्रतिसाद २

वर छान लिहिलंय. थोडी व्यवहारातली भर घालते.

मत देण्यापूर्वी तुमच्या खासदाराने आजवर कशाच्या बाजूने मत दिलं ते बघा. सभागृहात मतदानाची घंटा वाजली की आठ मिनिटांत खासदार आपापल्या लॉबीत जातात, आणि कोण कुठल्या बाजूला गेलं याची नावानिशी नोंद हॅन्सार्डमध्ये, म्हणजे संसदेच्या कामकाजाच्या अधिकृत अहवालात, सगळ्यांना बघता येते. पत्रकांपेक्षा मी त्यावर जास्त विश्वास ठेवते.

रस्त्यातले खड्डे, कचरा, शाळाप्रवेश यांसाठी कौन्सिलर गाठा. व्हिसाचं काम रेंगाळलं असेल तर खासदाराच्या सर्जरीला जा, म्हणजे लोकांना भेटायची त्यांची वेळ असते तेव्हा. मत दिलं नसलं तरी चालतं, पत्ता त्या मतदारसंघातला हवा. ते गृहखात्याला पत्र लिहून विचारणा करू शकतात, निर्णय मात्र खात्याचाच.

मतदानाला फोटो ओळखपत्र लागतं. भारतीय पासपोर्ट चालतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार! हॅन्सार्ड आजच उघडून बसतो. एक शेवटचं: मे महिन्यात कौन्सिलच्या मतदानाच्या दिवशी आम्ही भारतात असू. पोस्टल मत तिथून पाठवता येईल का?

प्रतिसाद २

येईल, पण मतपत्रिका भारतात पोचून वेळेत परत येणं अवघड असतं. त्यापेक्षा प्रॉक्सीचा अर्ज करा. ज्याच्यावर विश्वास आहे आणि ज्याला स्वतःला त्या निवडणुकीत मताचा हक्क आहे, असा कोणी तुमच्या वतीने मत देऊ शकतो. त्याने स्वतःचं ओळखपत्र न्यायचं, तुमचं नाही. अर्जाला अंतिम मुदत असते, तेव्हा तिकिटं काढलीत की लगेच करून टाका.