नॅशनल जिऑग्राफिकच्या जुन्या अंकात प्लास्टिकची चौकोनी रेकॉर्ड मिळाली आहे. वाजवायची कशी?

रद्दीतलं_रत्न (पुणे)

नमस्कार मंडळी. इथे जुन्या गाण्यांचे दर्दी बरेच दिसतात, म्हणून विचारायचं धाडस करते.

आमच्या रद्दीवाल्याकडे नॅशनल जिऑग्राफिकचे अंक गठ्ठ्याने आले होते. त्यातल्या जानेवारी १९७९ च्या अंकात पातळ काळ्या प्लास्टिकचा एक चौकोन निघाला, शिवणीतून आधीच सुटलेला. आधी वाटलं जाहिरात असेल. उजेडात तिरका धरला तर खाचा चमकल्या. व्हेल माशांच्या गाण्यांची रेकॉर्ड आहे म्हणे! पन्नास रुपयांत अंकासकट घेऊन आले.

माझ्याकडे बॅगेसारखा बंद होणारा नवीन रेकॉर्ड प्लेयर आहे, दिवाळीत घेतलेला. त्यावर ही शीट ठेवली की एक-दोन फेरे होतात, मग ताटली फिरते आणि शीट जागच्या जागी थांबते. मध्ये एक घडीही पडली आहे, तिथे सुई उडते.

अजून दोन शंका आहेत. आजोळच्या माळ्यावरून काही छोट्या रेकॉर्ड्स आणल्यात. त्यातली एक मराठी गाण्यांची आहे, ती लावली की गायिका कुणीतरी मागे लागल्यासारखी गाते, आवाज पार चिरका. दुसरी मामाने बोटीवर असताना बाहेरून आणलेली. तिचं मधलं भोक एवढं मोठं की माझ्या प्लेयरवर ती थुईथुई नाचते.

खरं सांगायचं तर मोठ्या एलपींपेक्षा मला हे असलं विचित्र सामानच आवडायला लागलंय. छोटं, वेड्यावाकड्या आकाराचं, कशाततरी लपलेलं. असं आणखी काय काय शोधता येईल? बजेट विद्यार्थ्याचं आहे हे लक्षात असू द्या.

फोनोवाला (डोंबिवली)

ताई, तुमच्या हाती जे लागलंय त्याला फ्लेक्सी म्हणतात. साऊंडशीट असंही छापलेलं असतं. आता मुद्द्यावर येतो.

शीट थांबते कारण तिला वजनच नाही. सुईचा भार तिला धरून ठेवतो आणि खालची ताटली एकटीच फिरत राहते. तुमची जी एलपी ओरखडे पडून वाया गेली असेल ती खाली ठेवा, तिच्यावर ही शीट, आणि शीटच्या मधल्या छापील भागावर, खिळ्याला लागून, रुपयाचं नाणं. खाचा जिथे संपतात त्याच्या आत नाणं राहिलं पाहिजे, नाहीतर शेवटी सुई जाऊन त्यावर आपटेल. काही शीटवर कंपनीनेच नाण्यासाठी गोल छापून ठेवलेला असतो, इतका हा जुना उपाय आहे. नाणं शीटवर ठेवायचं, टोनआर्मवर, म्हणजे सुईच्या दांड्यावर, नाही. हे मुद्दाम लिहितोय. सुई उडते म्हणून आर्मच्या डोक्यावर चार आण्याचं नाणं चिकटवलेले प्लेयर मी दुकानात ढिगाने पाहिले, आणि त्यांच्याखाली भुगा झालेल्या रेकॉर्ड्सही.

घडीसाठी दोन गुळगुळीत कागदांत शीट घालून जाड शब्दकोशाखाली आठवडाभर ठेवा. इस्त्री, हेअर ड्रायर, ऊन, काही नको. घडी पूर्ण जाणार नाही, पण सुई तिथून निभावून जाईल. वेग ३३⅓, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे.

या शीटबद्दल थोडं सांगतो, कारण मला ती फार आवडते. रॉजर पेन या जीवशास्त्रज्ञाचं हे काम. कुबड्या व्हेलचे आवाज नुसते ओरडणं नाही, त्यांत तुकडे ठरलेल्या क्रमाने पुन्हा पुन्हा येतात, म्हणजे ती गाणी आहेत, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. १९७० मध्ये त्यांची एलपी निघाली होती. जानेवारी १९७९ च्या अंकाच्या प्रत्येक प्रतीत मासिकाने ही शीट घातली, एकूण १ कोटी ५ लाख प्रती. एका फटक्यात एवढ्या रेकॉर्ड छापण्याची ऑर्डर त्याआधी कुणी दिली नव्हती. त्यामुळे दुर्मीळ म्हणून कुणी हजारो रुपये सांगू लागला तर हसून पुढे जा. तुम्ही पन्नासला आणलीत, बरोब्बर आणलीत. व्हेलचा आवाज १९७७ च्या व्हॉयेजर यानांवर पाठवलेल्या सोनेरी तबकडीतही आहे. ती तबकडी १६⅔ च्या वेगाची आहे, म्हणजे परग्रहावरच्या लोकांनाही वेगाचं बटण शोधावं लागणारच.

आता तुमच्या चिरक्या गायिकेकडे येऊ. लेबल नीट वाचा. आपल्याकडची ७ इंची म्हटली की सगळे ४५ वर लावतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पण एचएमव्हीने सत्तरच्या दशकात ‘सुपर-७’ नावाच्या ७ इंची रेकॉर्ड्स काढल्या, त्या ३३⅓ च्या. आकार ईपीचा, म्हणजे नेहमीच्या छोट्या ४५ च्या रेकॉर्डचा, वेग मोठ्या एलपीचा. तुमची तीच असणार. बटण सरकवा, बाई शांत होतील.

मोठ्या भोकाचं म्हणाल तर आरसीए व्हिक्टरने १९४९ मध्ये ४५ ची रेकॉर्ड बाजारात आणली तेव्हापासून अमेरिकेत भोक ३८ मिलिमीटरचं. त्यांच्या चेंजरचा, म्हणजे रेकॉर्ड आपोआप बदलणाऱ्या प्लेयरचा, खांबच तेवढा जाड होता. आपल्याकडे छापलेल्या ईपींना नेहमीचं बारीक भोक असतं. मध्ये बसवायचा अडॅप्टर मिळतो, प्लास्टिकचा घ्या. पितळी घेऊन आवाज सुधारतो असं कुणी सांगितलं तर माझ्या नावाने पावती फाडायला सांगा.

शेवटचं, आणि हे तुम्हाला आवडणार नाही. बॅगवाल्या बहुतेक प्लेयरांची सुई ५–६ ग्रॅमच्या भाराने बसते. साध्या चुंबकी कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या डबीला) २ ते साडेतीन ग्रॅम पुरतात. फ्लेक्सीची खाच उथळ असते, ती या भाराखाली लवकर मरते. विचित्र रेकॉर्डचाच नाद लागला असेल तर पुढचे पैसे रेकॉर्डवर घालू नका. जुना, पूर्ण हाताने चालणारा टर्नटेबल बघा. आपोआप उचलणारा, आपोआप थांबणारा नको. का ते कुणीतरी भूतानचा विषय काढेलच, तेव्हा सांगतो.

तिकीटवाली (नाशिक)

भूतानचा विषय काढणारी मीच, काका. 🙂

रत्न, तुमच्या यादीत पहिलं नाव भूतानच्या बोलत्या तिकिटांचं असायला हवं. १९७२ ची ही टपाल तिकिटं म्हणजे खरोखरच्या चिमुकल्या रेकॉर्ड्स आहेत. सात तिकिटांचा संच, लहान तिकीट साधारण ७ सेंटीमीटरचं, मोठं १० चं. गोल, रंगीत, मध्ये भोक, मागे डिंक आणि त्यावर सोलून काढायचा कागद. पाकिटावर चिकटवता येतं आणि प्लेयरवर वाजवताही येतं. कशावर भूतानचं राष्ट्रगीत, कशावर लोकगीतं, कशावर देशाचा इतिहास, इंग्रजीत आणि तिथल्या झोंगखा भाषेत.

हे डोकं बर्ट टॉड नावाच्या अमेरिकन माणसाचं. भूतानच्या राणीशी त्याची ऑक्सफर्डपासूनची ओळख. देशाला पैसा हवा होता, तिकिटं विकून तो उभा करायचं ठरलं. मग काय, पोलादी पत्र्याची तिकिटं, रेशमी तिकिटं, गुलाबाचा वास येणारी तिकिटं! तेव्हाचे आमच्यातले सोवळे संग्राहक नाकं मुरडायचे, हे टपाल नव्हे, खेळणी आहेत म्हणून. आज तेच लोक संच शोधत फिरतात.

माझा संच कोऱ्या पाकिटात आहे आणि तिथेच राहणार. वाजवला की ओरखडे, ओरखडे आले की किंमत गेली. विकत घेताना दोन गोष्टी बघा: मागचा कागद जागेवर आहे का, आणि तिकीट वाटीसारखं वाकलंय का. पुण्या-मुंबईच्या दमट हवेत डिंकही दगा देतो. सुटं, वापरलेलं तिकीट संचापेक्षा बरंच स्वस्त पडतं. विद्यार्थ्याने तिथूनच सुरुवात करावी.

फोनोवाला

ताई, तुमचा संच, तुमची मर्जी. पण राष्ट्रगीत छापलेल्या तिकिटातून राष्ट्रगीत ऐकायचंच नाही, हे मला काही पचत नाही. वापरलेलं एक सुटं घ्या आणि तेवढं तरी वाजवा.

आणि हाताने चालणारा टर्नटेबल का म्हणालो ते आता सांगतो. नेहमीच्या ४५ च्या लेबलचा गोल साधारण ९ सेंटीमीटरचा. भूतानचं लहान तिकीट त्या लेबलच्याही आत मावतं. आपोआप परतणाऱ्या प्लेयरला वाटतं गाणं संपलं. सुई तिकिटाजवळ पोचायच्या आधीच आर्म उचलून घरी. तिकडे बर्ट टॉडने एवढा खटाटोप केला, इकडे मशीन ऐकायलाच तयार नाही. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका प्लेयरची त्यासाठी आतली पट्टी काढून ठेवावी लागली होती. गिऱ्हाईक तिकीटवालाच होता.

आवाजाची अपेक्षा मात्र ठेवू नका. रेकॉर्ड जसजशी आत जाते तसा खाचेचा सुईखालून जायचा वेग कमी होतो आणि आवाज चोंदतो. तिकीट तर सुरूच तिथून होतं, जिथे बाकीच्या रेकॉर्ड संपतात.

वॉर्सावासी

उशिरा आलो, पण माझ्या गल्लीतला विषय आहे.

मी नोकरीनिमित्त पोलंडमध्ये असतो. इथल्या जुन्या बाजारात बोलकी पोस्टकार्डं मिळतात. कम्युनिस्ट काळात किऑस्कवर विकली जायची. नेहमीच्या पोस्टकार्डाएवढा जाड कागद, वर फुलं नाहीतर एखाद्या शहराचं चित्र, त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा थर आणि त्या थरात खाचा. एकच गाणं. पश्चिमेकडची जी गाणी दुकानात सरळ मिळत नसत, ती या चोरवाटेने घरोघरी पोचली. माझ्याकडचं एक कार्ड लावलं की आधी भजी तळल्याचा आवाज येतो, मग त्यातून गिटार वर येते. तरी ते मी वारंवार लावतो. रत्न, तुमच्या बजेटात हे आरामात बसेल. वॉर्साला ‘बाझार ना कोले’ म्हणून रविवारचा बाजार भरतो, तिथे खोक्यांतून उपसायची.

दुसरं, ‘क्रुगोझोर’ नावाचं सोव्हिएत मासिक, १९६४ पासूनचं. त्यात निळ्या पारदर्शक फ्लेक्सी शिवलेल्या असत. गंमत म्हणजे अख्ख्या मासिकाच्या मधोमध भोक. फ्लेक्सी फाडायचीच नाही, पानं मागे दुमडून मासिक सगळंच प्लेयरवर ठेवायचं. मी करून पाहिलं. मासिक गरगर फिरताना बघून बायको म्हणाली, आता वर्तमानपत्रही लाव.

आणि एक सावधगिरी. क्ष-किरण फोटोंवर कोरलेल्या रेकॉर्ड्सबद्दल तुम्ही कुठेतरी वाचालच. युद्धानंतर लेनिनग्राडमध्ये रुस्लान बोगोस्लोव्स्की आणि त्याच्या मित्रांनी दवाखान्यांतून टाकून दिलेल्या एक्स-रे फिल्म मिळवल्या, गोल कापल्या आणि त्यांवर बंदीतली गाणी चोरून कोरून विकली. बरगड्यांच्या चित्रावर जॅझ. बोगोस्लोव्स्कीला त्यापायी तुरुंगात जावं लागलं. कहाणी खरी, पण आज जालावर विकायला असतात त्यांतल्या पुष्कळ नव्याने कोरलेल्या असतात. जुनी फिल्म मिळायला अवघड नाही आणि कोरायचं यंत्रही लोकांकडे आहे. फिल्म जुनी म्हणून रेकॉर्ड जुनी ठरत नाही. माझ्या ओळखीचा एकजण असाच फसला. इकडे प्रत्यक्ष आलात तरच त्या भानगडीत पडा.

फोनोवाला

पोस्टकार्डाचं छान सांगितलंत. घरचंही थोडं सांगतो, नाहीतर पोर सगळे पैसे परदेशी टपालखर्चात घालवेल.

बीटल्सच्या ७८ वेगाच्या लाखेच्या रेकॉर्ड्स कोलकात्याच्या डमडम कारखान्यात निघाल्या, १९६०च्या दशकात. तोवर इंग्लंड-अमेरिकेत लाखेच्या ७८ चा कारभार आटोपला होता. आपल्याकडे वीज न पोचलेल्या गावांत चावीचे ग्रामोफोन चालत होते, म्हणून ७८ छापत राहिले. आता त्या रेकॉर्ड्ससाठी परदेशातले लोक वाटेल ती किंमत मोजतात. तुमच्या माझ्या खिशातलं काम नाही, पण माळ्यावर लाखेच्या असतील तर लेबलं वाचल्याशिवाय रद्दीत देऊ नका. त्या धुताना स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. आणि व्हायनलची रेकॉर्ड हौसेने भोंग्याच्या ग्रामोफोनवर लावू नका. पोलादी पिनेखाली एका फेरीत तिचं वाटोळं होतं.

स्वस्तात विचित्र हवं तर ईपींच्या ढिगातून फिल्मी बाजूला सारा. पोवाडे, कोळीगीतं, आरत्या, आणि गोव्याकडच्या कोंकणी ईपी बघा. संगीतकार ख्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना यांच्या सत्तरच्या दशकातल्या कोंकणी ईपींवर आता बाहेरच्या डीजेंची नजर आहे, पण सुटी, कव्हर नसलेली अजून परवडते. मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था आहे. तिने ‘द रेकॉर्ड न्यूज’ नावाचं नियतकालिक काढलं, त्याचे जुने अंक मिळाले तर वाचा. दुकानदारापेक्षा तिथे जास्त शिकायला मिळतं.

रद्दीतलं_रत्न

सगळ्यांचे खूप आभार! काका, शब्दकोशाखालून शीट काढली, खाली एक फुटक्या नशिबाची एलपी, वर रुपया. व्हेल गायला! घडीपाशी टक्क टक्क होतं, पण सुई निघून जाते. आईने विचारलं दार कुठलं करकरतंय.

चिरकी रेकॉर्ड ‘सुपर-७’च निघाली. ३३ वर लावली तर आवाज खाली उतरला आणि आजी स्वयंपाकघरातून पुढच्या ओळी म्हणत आली. मोठ्या भोकाचा अडॅप्टर मागवलाय, प्लास्टिकचा.

टर्नटेबलचं मनावर घेतलंय, पण पैसे साठेपर्यंत भूतान थांबेल. तोवर येत्या रविवारी जुन्या बाजारात ईपी बघायला जाते. तिथे साधारण किती वाजता गेलेलं बरं?

फोनोवाला

बुधवारीही भरतो, कॉलेज नसेल तर तेव्हा जा, गर्दी कमी. सकाळी लवकर. सोबत मऊ फडकं आणि छोटी विजेरी ठेवा, रेकॉर्ड तिरकी धरून ओरखडे बघायला. आणि ढिगात हात घालण्याआधी भाव विचारू नका. आधी नको असलेलं एक उचला, त्याचा विचारा.