मदत हवी आहे: वाय-डीएनए चाचणीत ३७ मार्करांत ४ चा फरक, तर आमचा समाईक मूळपुरुष कधीचा?

आमचं घराणं मूळ गोव्यातल्या सासष्टीतलं. पोर्तुगीजांच्या बाटाबाटीच्या वेळी एक भाऊ देव घेऊन अंत्रुज महालात (आजच्या फोंड्यात) आला, दुसरा गावातच राहून किरिस्तांव झाला, असं घरात सांगतात. मंगेश देव १५६० मध्ये कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, त्याच सुमाराची गोष्ट.

गावच्या कोमुनिदादीत (गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या गांवकरांच्या संस्थेत) आमच्याच वांगडाचे, म्हणजे कुळगटाचे, एक कॅथलिक गांवकर आहेत. गांवकारी बापाकडून मुलाकडे जाते, वाय क्रोमोसोमही तसाच, म्हणून दोघांनी वाय-एसटीआर चाचणी केली. त्यात वाय क्रोमोसोमवरच्या ठरावीक जागी (मार्करवर) डीएनएचा छोटा तुकडा किती वेळा ओळीने येतो ते मोजतात. ३७ पैकी ३३ मार्कर जुळले. बाकी चारांत एकेकाचा फरक, उदा. डीवायएस४३९ माझा ११, त्यांचा १२.

मी दर मार्करमागे, दर पिढीला बदलाचं प्रमाण ०.००४ धरलं. शाखा दोन, म्हणून २ × ३७ × ०.००४ = ०.२९६. चाराला त्याने भागलं की साडेतेरा पिढ्या. पिढी ३१ वर्षांची आणि आम्ही दोघं १९५५ च्या आसपासचे, म्हणजे मूळपुरुष १५३५ च्या सुमाराचा! पण दर ०.००३ धरला की तोच १४०० कडे जातो, ०.००५ ला १६२० कडे येतो. चुलतभाऊ कुलवृत्तांत छापतोय, त्याला 'विज्ञानाने सिद्ध' असं लिहायचंय. लिहू द्यावं का? बिग वाय-७०० या वाय क्रोमोसोमच्या अधिक खोल चाचणीवर खर्च करावा का? आणि मध्ये कुणी दत्तक असेल तर? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद:
दराचं सोडा, खरी गोची त्या चारात आहे. बदल योगायोगाने पडतात. तुमचाच दर धरला तरी ९५ टक्के खात्रीने सांगायचं तर ४ ते ३५ पिढ्या, म्हणजे १८४० पासून थेट गोव्याच्या कदंब राजांच्या आधीपर्यंत. अलीकडची बाजू चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींनी कापता येईल, मागची नाही.

बिग वाय-७०० मध्ये साधारण ८० वर्षांत एक नवा एसएनपी (डीएनएच्या एका अक्षरातला बदल) धरतात. चारशे वर्षांत शाखेमागे पाचेक सापडतील. अंदाज सुधारेल, पण दोन-तीनशे वर्षांची ढिलाई राहीलच. करायचीच तर दोघांनी करा, एकट्याची करून उपयोग नाही. कारवार-मंगळूरकडे गेलेला, फुटल्याचं साल कागदावर असलेला भाऊबंद मिळाला तर त्यालाही घ्या. त्यावरून तुमचा दर तपासता येईल.

बाहेरचा दत्तक असता तर ३३ जुळणं कठीण होतं. भाऊबंदातला असेल तर मूळपुरुष आणखी मागे सरकू शकतो.

कुलवृत्तांतात '३७ पैकी ३३ मार्कर जुळले. सोळाव्या शतकाशी विसंगत नाही' एवढंच छापा.