परसातील सामानाच्या शेडला स्वस्तात कोणती जमीन करावी?

परसदार (डिचोली):
नमस्कार. आमच्या परसात माडांच्या कडेला १० बाय ८ फुटांची एक शेड उभी करून घेतली आहे. लोखंडी पाइपांचे खांब, वर पत्रे, तीन बाजूंना कमरेएवढी चिऱ्यांची भिंत आणि पुढची बाजू मोकळी, असे तिचे स्वरूप आहे. जमीन मात्र अजून तांबड्या मातीचीच आहे. आत ग्रास कटर, एकचाकी गाडी, कुदळी, कोयते, खताच्या पिशव्या आणि हंगामात नारळ राहतील. गेल्या पावसाळ्यात मी ताडपत्री अंथरून तिच्यावर फळ्या टाकल्या होत्या. चतुर्थीच्या सुमारास एक फळी उचलली, तर वरून धड दिसणारी ती फळी हातात पापडासारखी मोडली. खालून वाळवीने तिची नुसती सालच शिल्लक ठेवली होती. युरियाची पिशवी तळाशी दगडासारखी घट्ट झाली होती, ते वेगळेच.

मजुरी धरून १५,००० रुपयांच्या आत काम व्हावे आणि मे महिन्याच्या आत उरकावे, अशी इच्छा आहे. घराच्या कामातून उरलेल्या गुळगुळीत टाइल्स पडून आहेत, त्या लावाव्यात का? की शहाबादी, पेव्हर ब्लॉक किंवा नुसती खडी बरी?

चिरेबंदी (फोंडा):
ताई, फरशी कोणती हा प्रश्न नंतरचा आहे. आपल्याकडे गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांतच कोसळतो, त्यामुळे शेडची जमीन बाहेरच्या अंगणापेक्षा किती उंच आहे आणि पत्र्याच्या पागोळ्या नेमक्या कुठे पडतात, यावरच निम्मे यश ठरते. जमीन बाहेरच्यापेक्षा किमान सहा इंच वर असावी. पागोळ्या भिंतीच्या पायथ्याशीच पडत असतील, तर पत्रा फूटभर पुढे काढावा किंवा त्या रेषेखाली उथळ चर खणून त्यात खडी भरावी. हे केले नाही, तर चांगली फरशीही जुलैमध्ये ओलीच राहील, कारण चिऱ्याचा दगड, म्हणजे जांभा, सच्छिद्र असल्याने पायथ्याचे पाणी शोषून वर चढवतो.

माझी शिफारस साध्या काँक्रीटची आहे, वर फरशी न लावता. मोकळ्या बाजूला चिऱ्यांची एक ओळ बसवून कड बांधून घ्यावी, आत चिऱ्यांचे तुकडे आणि मुरूम दोन थरांत टाकून प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसाने चोपून घ्यावा. दोन्ही थर एकदम टाकून वरवर चोपण्याची मजुरांना घाई असते. तिथे स्वतः उभे राहावे. त्यावर इंचभर वाळू पसरून जमिनीची ओल अडवायला जाड प्लास्टिक अंथरावे. वाळू नसेल तर चिऱ्याचे टोक प्लास्टिकला भोक पाडते आणि त्याचा उपयोग संपतो. दोन पट्टे जोडायचे झाल्यास सहा इंच एकावर एक घ्यावेत आणि कडा भिंतीवर काँक्रीटच्या जाडीइतक्या चढवाव्यात.

मेस्त (गवंडी) बहुधा १:३:६ या प्रमाणाचा (सिमेंट, वाळू, खडी) चार इंच थर सुचवील. त्याऐवजी १:२:४ चा तीन इंच थर घालावा. सिमेंट जवळपास तेवढेच लागते, पण पृष्ठभाग कणखर होतो आणि झाडताना त्याची भुकटी निघत नाही. एकचाकी गाडीला तीन इंच पुरेसे आहेत. तुमच्या मापाला सुमारे चार पोती सिमेंट, नऊ-दहा घनफूट वाळू आणि अठरा घनफूट खडी लागेल. नदीची वाळू मिळवणे आता जिकिरीचे आहे, तेव्हा क्रशरची धुतलेली वाळू घ्यावी. कोणी स्वस्तात समुद्राची वाळू देऊ केली, तर ती मुळीच घेऊ नये. तिच्यातले मीठ हवेतली ओल ओढत राहते आणि जमीन कायम दमट वाटते.

मोकळ्या बाजूकडे इंचभर उतार ठेवावा. थापीने गुळगुळीत न करता शेवटी ओल्या गोणपाटाने किंवा झाडूने हलकी ओढ द्यावी, म्हणजे पाय घसरत नाही. काँक्रीट आवळू लागले की मधोमध फुलीसारखे काप देऊन ५ बाय ४ फुटांचे चार चौकोन करावेत; भेगा पडायच्याच असतील तर त्या कापांतच पडतात. त्यानंतर किमान सात दिवस ओली गोणपाटे टाकून पाणी मारावे. मे महिन्यातल्या उन्हात हीच पायरी लोक गाळतात आणि पुढे दोष सिमेंटला देतात.

पाटाचेपाणी (सत्तरी):
वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, पण खर्च आणखी कमी करायचा असेल तर खडीचा विचार करावा. आमच्या कुळागरातल्या (पोफळीच्या बागेतल्या) खोपीत चोपलेल्या मुरुमावर चार इंच खडी आहे आणि पावसाचे पाणी आत आले तरी तिच्यातून मुरून जाते. तोटा एवढाच, की एकचाकी गाडी रुतते आणि सांडलेला नटबोल्ट पुन्हा सापडत नाही. खताच्या पिशव्यांसाठी मात्र खडी उपयोगाची नाही, कारण खालची दमट हवा थेट पिशवीला लागते.

शेणाने सारवलेली जमीन मला अजूनही सर्वांत आवडते, पण ती दर काही दिवसांनी सारवणारे हात घरात असतील तरच. ग्रास कटरमधले पेट्रोल गळले, की तो भाग उखडतोच.

आडवाट (पेडणे):
औद्योगिक वसाहतींत मालाखालची लाकडी पॅलेट भंगाराच्या भावात मिळतात. त्यांवर ‘एचटी’ असा शिक्का असेल, तर लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेले असते. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, ते घेऊ नये. मी एचटीची सहा पॅलेट मांडून जमीन केली आहे.

चिरेबंदी (फोंडा):
तो शिक्का निर्यातीपुरता आहे. कारखान्यातून निघताना त्या लाकडात कीड नव्हती, एवढेच तो सांगतो. तुमच्या परसातल्या वाळवीपासून तो संरक्षण देत नाही. आणि ताईंची फळी कशी मोडली, ते वर आलेच आहे. तीच पॅलेट काँक्रीटवर, भिंतीपासून चार बोटे अंतर सोडून, खताच्या पिशव्यांखाली ठेवावीत. तिथे वाळवीची मातीची नळी वर चढू लागली तर डोळ्यांना दिसते आणि वेळीच मोडता येते. जमिनीखाली वाळवीचे औषध मारण्याचा सल्लाही कोणीतरी देईल. विहीर जवळ असेल तर ते टाळावे.

परसदार (डिचोली):
विहीर पंधरा पावलांवरच आहे, तेव्हा औषध नको. उरलेल्या टाइल्सविषयी मात्र कोणी बोलले नाही.

रातांबा (काणकोण):
टाइल्स लावू नयेत. त्या ओल्या पायांना निसरड्या असतात आणि नारळ सोलायची पहार एकदा हातातून सुटली की तडकतात. कोटा आणि शहाबादी मजबूत आहेत, पण दोन्ही चुनखडीच्या जातीच्या असल्याने त्यांना आंबट पदार्थ सोसत नाहीत. आमच्या पडवीत कोट्यावर रातांब्यांची टोपली रात्रभर राहिली होती. तिच्या बुडाचा पांढुरका गोल तीन वर्षे घासूनही गेलेला नाही. काजूच्या बोंडांचेही तेच. काँक्रीटवरही आंबटाचे डाग पडतात, पण शेडमध्ये त्याचे दुःख कोणाला?

पेव्हर ब्लॉक वाळूवर नीट बसवले तर छान, शिवाय उचलून दुसरीकडेही नेता येतात. परंतु ८० चौरस फुटांच्या कामाला बसवणारा कारागीर सहसा येतच नाही, आणि आला तर मजुरी मालाच्या वर जाते.

पाटाचेपाणी (सत्तरी):
एक परीक्षा सुचवतो. पावसाळ्यात नव्या जमिनीवर हातभर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने लावून एक दिवस ठेवावा. थेंब प्लास्टिकच्या खालच्या अंगाला दिसले, तर ओल जमिनीतून येत आहे. वरच्या अंगाला दिसले, तर ती दमट हवेतून गार काँक्रीटवर धरते आहे आणि त्याला वारा खेळता ठेवणे हाच उपाय. पुष्कळ लोक हा फरक न पाहता जमीन पुन्हा फोडतात.

परसदार (डिचोली):
सर्वांचे आभार. सहा इंच भर, वर तीन इंच काँक्रीट आणि पिशव्यांखाली पॅलेट असे ठरवले आहे. टाइल्स धाकट्या जावेला न्हाणीसाठी देत आहे. एकच शंका: मोकळ्या बाजूला चिऱ्यांची कड बांधली, तर एकचाकी गाडी आत कशी चढवावी?

चिरेबंदी (फोंडा):
चिरे काँक्रीटच्या पातळीला संपवावेत, उंबरठा ठेवू नये. बाहेरून तीन-साडेतीन फूट रुंदीचा, चार-पाच फूट लांबीचा उतार त्याच काँक्रीटमध्ये करून घ्यावा आणि त्यासाठी एक पोते सिमेंट जादा आणावे. उताराच्या पायथ्याशी पाणी साचू नये म्हणून तिथलीही माती थोडी बाहेरच्या बाजूला उतरती करावी.