आपल्या कंपन्या आफ्रिकेत जमिनी घेतात तेव्हा आपण गप्प का?

कृष्णाकाठचा (पलूस):
चिनी कंपनी म्हटलं की लगेच बहिष्काराचे मेसेज फिरतात, पण आपलीच बंगळुरूची करुतुरी ग्लोबल, ती गुलाबवाली, तिनं 2010 च्या सुमाराला इथिओपियाच्या गांबेलात 1 लाख हेक्टर भाडेपट्ट्यानं घेतली तेव्हा कुणी चकार शब्द काढला नाही. अडीच लाख एकर राव! इथं दोन एकर द्राक्षबाग असली तर माणूस बागायतदार म्हणून मिरवतो. तिकडं जमीन सगळी सरकारची, सातबारा वगैरे भानगडच नाही, मग पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याला विचारतंय कोण. मला हे कंपनी सरकारच वाटतं, गोरा गेला नि आपण आलो एवढंच.

मिरजेचा मामा:
कंपनी सरकारकडं फौज होती, हिच्याकडं काय होतं? 2011 ला बारो नदीचा पूर आला, मका पाण्यात गेला, आणि 2015 संपता संपता तिथल्या सरकारनं करारच मोडला. नदीकाठची जमीन स्वस्तात का मिळते हे सांगलीकराला विचारायचं होतं की, 2019 बघितलंय आम्ही.

कृष्णाकाठचा:
हसू आलं मामा, पण कंपनी बुडाली म्हणून ती भली ठरत नाही. तिच्या केनियातल्या गुलाबाच्या मळ्यावर 2014 ला बँकेनं कर्जवसुलीसाठी रिसीव्हर, म्हणजे कारभार ताब्यात घेणारा माणूस, बसवला, कामगारांचे पगार थकलेले.

कंदी पेढा (सातारा):
एकाच कंपनीवरून सगळ्यांना झोडपू नका. एअरटेलनं 2010 मध्येच झैन या मोबाइल कंपनीचा आफ्रिकेतल्या 15 देशांतला धंदा 10.7 अब्ज डॉलरला घेतला आणि केनियात कॉलचे दर निम्म्यावर आणले, मग तिथल्या सगळ्यात मोठ्या सफारीकॉम कंपनीलाही झक मारत उतरावं लागलं. फायदा गिऱ्हाइकाचाच झाला ना?

मोटर रिवाइंडिंगवाला:
मला तर किर्लोस्करवाडीचं मॉडेल पटतं. सेनेगलला भातासाठी पंप गेले, शेत त्यांचं, पाणी त्यांचं, पंप आपला.

मिरजेचा मामा:
अहो ती निर्यात झाली, गुंतवणूक नव्हे. पैसाही भारत सरकारनं दिलेल्या कर्जाचा, म्हणजे आपणच उधारी द्यायची आणि आपलाच माल खपवायचा, आडत्याचा धंदा हो हा. वाईट म्हणत नाही मी, पण पुण्य पण नको म्हणायला.

कंदी पेढा:
मग करायचं काय, घरात बसायचं? कंपनी भारतीय का चिनी हे बघूच नका, करार बघा. जमीन किती, किती वर्षं, मोडला तर भरपाई कुणाला.

कृष्णाकाठचा:
करार दोन सरकारी सह्यांचा असतो पेढेराव, गुराख्याचा अंगठा त्यावर नसतो. तुमच्याच जिल्ह्यात कोयना धरण होऊन साठ वर्षं झाली, धरणग्रस्तांचे मोर्चे अजून निघतात का नाही? आणि तिथं तर सरकार आपलं होतं.